विकर तेच, भांडं निराळं

1969 साली ओसाकाच्या तानाबे सेइयाकू या औषध कंपनीने पंधरा वर्षं चालत आलेली आपली एक पद्धत मोडीत काढली. अमिनो आम्लं तयार करण्यासाठी तिथे मोठ्या टाक्यांमध्ये विकर, म्हणजे एन्झाइम, ओतलं जायचं, तासन्‌तास ढवळलं जायचं आणि काम झालं की नासवून गाळून टाकलं जायचं. त्या टाक्यांच्या जागी आता उभा स्तंभ आला. विकर पूर्वीचंच होतं, कच्चा माल पूर्वीचाच होता, हाती येणारा पदार्थही तोच. बदललं ते विकर ठेवायचं भांडं. तेवढ्याने उत्पादनाचा एकूण खर्च जुन्या खर्चाच्या सुमारे 60 टक्क्यांवर आला. घन पदार्थावर बांधून ठेवलेलं विकर कारखान्यात वापरलं जाण्याची जगातली ही पहिली वेळ होती.

रसायनशास्त्राच्या इतिहासात रेणू शोधणाऱ्याचं नाव टिकतं, विकर शोधणाऱ्याचंही टिकतं. ते कोणत्या भांड्यात, कोणत्या गतीने, कोणत्या क्रमाने एकमेकांना भेटावेत याचा विचार करणारी माणसं मात्र तळटीपेत जातात. डाव्या-उजव्या रेणूंना वेगळं करण्याच्या इतिहासात तरी हा अन्याय आहे, असं मला मनापासून वाटतं. हा इतिहास जितका रेणूंचा आहे तितकाच भांड्यांचा आहे.

त्याची सुरुवात लुई पाश्चरपासून होते. 1848 साली पॅरिसमध्ये पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत दोन प्रकार होते, एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. त्याने ते एकेक करून हाताने वेगळे केले. एका ढिगाचं द्रावण ध्रुवित प्रकाशाचं प्रतल उजवीकडे वळवायचं, दुसऱ्याचं डावीकडे. अणू तेच, जोडणी तीच, फक्त अवकाशातली मांडणी उलटी. अशा रेणूंना आज आपण कायरल म्हणतो. दहा वर्षांनी, 1858 मध्ये, पाश्चरला दुसरा मार्ग सापडला. दोन्ही रूपांचं मिश्रण असलेल्या द्रावणात पेनिसिलियम जातीची बुरशी वाढवली तर ती उजवं रूप खाऊन टाकते आणि डावं शिल्लक राहतं. जिवंत पेशीतली विकरं डावं-उजवं ओळखतात, हे त्या काचपात्रात पहिल्यांदा दिसलं. पण त्या पात्रातून मिळायचं ते उरलंसुरलं अर्धं. दुसरं अर्धं बुरशीच्या पोटात गेलेलं असायचं, आणि बुरशी व तिचा सगळा मळ द्रावणात राहायचा तो वेगळाच.

सजीवांच्या प्रथिनांत अमिनो आम्लांचं एकच रूप असतं, ज्याला एल-रूप म्हणतात. प्रयोगशाळेत रासायनिक रीतीने अमिनो आम्ल बनवलं की मात्र एल आणि डी ही दोन्ही रूपं अर्धी-अर्धी निघतात. शिरेतून द्यायच्या पोषक द्रावणासाठी शुद्ध एल-रूप हवं असतं. 1950 च्या आसपास अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत जेसी ग्रीनस्टीन यांनी यावर पद्धतशीर काम केलं. अमिनो आम्लाला असेटिल गट जोडायचा आणि ते मिश्रण डुकराच्या मूत्रपिंडातून काढलेल्या असायलेज या विकराला द्यायचं. विकर फक्त एल-रूपावरचा असेटिल गट तोडतं, डी-रूपाला जवळपास शिवत नाही. मोकळं झालेलं एल-अमिनो आम्ल आणि असेटिल चिकटून राहिलेलं डी-रूप यांची विद्राव्यता वेगवेगळी असते, त्यामुळे स्फटिक काढून त्यांना वेगळं करता येतं. ग्रीनस्टीन यांनी एकामागून एक अमिनो आम्लं या रीतीने वेगळी केली. मिल्टन विनिट्झ यांच्यासोबतचा त्यांचा अमिनो आम्लांच्या रसायनशास्त्रावरचा प्रचंड ग्रंथ ते गेल्यानंतर, 1961 मध्ये बाहेर आला. रसायनशास्त्र पक्कं झालं होतं. कारखाना अजून व्हायचा होता.

तो झाला ओसाकात, आणि त्यात आश्चर्य नाही. तानाबेचं मूळ दुकान ओसाकात 1678 साली सुरू झालं. रायगडावर राज्याभिषेक होऊन तेव्हा अवघी चार वर्षं झाली होती. शहराच्या दोशोमाची भागात औषधाच्या व्यापाऱ्यांची पेठच होती. शिवाय जपानला अमिनो आम्लांचं वेड जुनं. किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या काढ्यातून ग्लुटामिक आम्ल वेगळं केलं आणि त्यातून अजिनोमोटोचा धंदा उभा राहिला. 1950 च्या दशकात क्योवा हाक्को या कंपनीने जिवाणूंकडून ग्लुटामिक आम्ल बनवून घ्यायला सुरुवात केली. पण प्रत्येक अमिनो आम्ल जिवाणू असं भरभरून देत नव्हते. मेथिओनिन, ट्रिप्टोफॅन, फेनिलअलानिन, व्हॅलिन यांसाठी रासायनिक उत्पादन आणि नंतर डावं-उजवं वेगळं करणं हाच व्यवहार्य रस्ता होता. विकरासाठी डुकराच्या मूत्रपिंडावर अवलंबून राहायचीही जपान्यांना गरज नव्हती. साके, मिसो आणि सोया सॉससाठी शतकानुशतकं वापरली जाणारी ॲस्परजिलस ओरायझी ही बुरशी असायलेज बनवते. ती मोठ्या प्रमाणावर कशी वाढवायची हे तिथल्या कारागिरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

1954 मध्ये तानाबेने या बुरशीचं असायलेज, म्हणजे अमिनोअसायलेज, वापरून उत्पादन सुरू केलं. पद्धत टाकीची, म्हणजे एका वेळी एक घाणा. असेटिल-डीएल-अमिनो आम्लाचं द्रावण टाकीत घ्यायचं, पीएच 7 च्या आसपास ठेवायचा, विकराला बळ यावं म्हणून कोबाल्टचा क्षार किंचित घालायचा, विकर ओतायचं आणि गरम ठेवून ढवळायचं. एल-रूप सुटं झालं की खरी डोकेदुखी सुरू व्हायची. विकर पाण्यात विरघळलेलं असायचं, ते तसंच राहिलं तर स्फटिकांत प्रथिन जायचं. म्हणून आम्ल घालून आणि तापवून ते साकळवायचं आणि गाळून काढायचं. म्हणजे अजून काम करू शकणारं विकर दर घाण्याला मुद्दाम मारून फेकून द्यायचं. एवढं करूनही रंग आणि प्रथिनाचे अंश उरायचे, स्फटिक पुन्हा विरघळवून पुन्हा काढावे लागायचे, आणि प्रत्येक वेळी थोडा माल हातातून निसटायचा. माणसं खूप लागायची. दोन घाण्यांची गुणवत्ता नेमकी सारखी यायचीच असं नाही.

इचिरो चिबाता, तेत्सुया तोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न असा मांडला की विकर द्रावणात सोडायचंच कशाला? ते एखाद्या घन पदार्थावर बांधून एका जागी बसवलं आणि द्रावणच त्याच्यावरून वाहत नेलं तर? कल्पना अगदी नवी नव्हती. 1916 मध्ये नेल्सन आणि ग्रिफिन यांनी अमेरिकेत दाखवून दिलं होतं की साखर फोडणारं इन्व्हर्टेज कोळशावर चिकटवलं तरी काम करत राहतं. पुढे चार दशकं त्या निरीक्षणाचं कोणी फारसं काही केलं नाही. 1950 आणि 60 च्या दशकांत जर्मनीत आणि विशेषतः इस्रायलच्या वाइझमन संस्थेत विकरं घन पदार्थांना बांधण्यावर गंभीर काम सुरू झालं. तिथले एफ्राइम कात्झिर या क्षेत्राचे अध्वर्यू. ते पुढे 1973 मध्ये इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि 1985 मध्ये पहिल्या जपान पारितोषिकाच्या मानकऱ्यांत त्यांचं नाव होतं. पण प्रयोगशाळेतली चमचाभर भुकटी आणि रोज शेकडो किलो माल देणारं यंत्र यांत मोठं अंतर असतं. ते ओसाकाने कापलं.

तानाबेच्या चमूने आधाराच्या पदार्थांची लांबलचक चाचणी घेतली. त्यांचे याबद्दलचे निबंध 1966 पासून येऊ लागले. शेवटी तीन उमेदवार उरले. आयोडोअसेटिल सेल्युलोजला विकर रासायनिक बंधाने जोडणं, हा पहिला. पॉलिॲक्रिलमाइडच्या जेलीत विकर कोंडून ठेवणं, हा दुसरा. तिसरा डीईएई-सेफाडेक्स, म्हणजे डेक्स्ट्रॅन या शर्करेचे बारीक मणी, ज्यांच्यावर धन विद्युतभार असतो. अमिनोअसायलेज पीएच 7 ला ऋणभारित असतं, त्यामुळे ते या मण्यांना आपसूक चिकटतं. त्यासाठी विकराचं द्रावण मण्यांसोबत काही तास ढवळणं पुरतं.

त्यांनी तिसरा निवडला, आणि मला ही निवड फार शहाणपणाची वाटते. रासायनिक बंध मजबूत असतो, त्यामुळे वरवर तोच चांगला वाटेल. पण विकर कधी ना कधी थकणारच. बंधाने जोडलेलं किंवा जेलीत कोंडलेलं विकर थकलं की आधारासकट सगळं टाकून द्यावं लागतं. विद्युतभाराने धरलेल्या विकराचं तसं नाही. स्तंभाची ताकद उतरली की त्यातच ताजं विकराचं द्रावण सोडायचं, मणी ते पुन्हा धरतात आणि स्तंभ पूर्ववत कामाला लागतो. 50 अंश सेल्सियसला या स्तंभातल्या विकराचं अर्ध-आयुष्य सुमारे 65 दिवस होतं, आणि मणी तर पाच वर्षांहून जास्त काळ तेच वापरले गेले. ज्या दुव्याला कमकुवत म्हटलं असतं तोच कारखान्यासाठी योग्य ठरला, कारण चिबातांनी विकर कसं बसवायचं याइतकाच ते पुन्हा कसं भरायचं याचाही विचार आधी केला होता.

त्या कारखान्याची रचना अशी होती. असेटिल-डीएल-अमिनो आम्लाचं द्रावण टाकीतून पंपाने निघे, गाळणीतून जाई, उष्णता देणाऱ्या यंत्रातून गरम होऊन स्तंभात शिरे आणि मण्यांमधून झिरपत पुढे सरके. बाहेर पडताना त्यातलं सगळं एल-रूप सुटं झालेलं असे. ते द्रावण आटवलं की एल-अमिनो आम्लाचे स्फटिक पडत, आणि सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून ते वेगळे होत. उरलेलं असेटिल-डी-रूप दुसऱ्या टाकीत तापवलं जाई. तापवल्यावर त्याची मांडणी ढळते आणि पुन्हा अर्धं एल, अर्धं डी असं मिश्रण तयार होतं. ते परत सुरुवातीच्या टाकीत. पाश्चरच्या बुरशीने जे अर्धं खाऊन टाकलं होतं ते इथे फिरून फिरून कामाला येत होतं. 1000 लिटरच्या एका स्तंभातून दिवसाला सुमारे 700 किलो एल-मेथिओनिन निघे. विकराचा खर्च घटला, मजुरी घटली, आणि द्रावणात विकरच नसल्यामुळे प्रथिन साकळवण्याची सगळी पायरी नाहीशी झाली.

पण स्तंभाचा फायदा विकर वाचण्यापुरता नाही. त्यामागे गतिशास्त्र आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय या इतिहासाचा पुढचा भाग उलगडत नाही.

स्तंभात द्रावणाचा प्रत्येक थर आपल्या क्रमाने पुढे सरकतो. वरच्या मण्यांना भरपूर एल-रूप भेटतं, खालच्यांना तुरळक. टाकीच्या एका घाण्यात जे वेळेनुसार घडतं तेच इथे उंचीनुसार घडतं. याउलट अशी एक टाकी घ्या की जिच्यात एकीकडून द्रावण सतत येतंय, दुसरीकडून सतत जातंय आणि आत जोरात ढवळणं चालू आहे. आत आलेला थेंब क्षणात सगळ्यात मिसळतो. म्हणजे टाकीतल्या द्रावणाची अवस्था कायम बाहेर पडणाऱ्या द्रावणासारखीच असते. 99 टक्के एल-रूप मोकळं करायचं असेल तर या टाकीतल्या विकराला सदैव उरलेल्या एका टक्क्यावरच काम करावं लागतं. क्रियेचा वेग शिल्लक मालाच्या प्रमाणात असेल तर गणित असं निघतं की त्याच विकराने तेच काम करायला अशा टाकीला स्तंभाच्या एकवीसपटीहून जास्त आकारमान लागतं.

ही झाली वेगाची गोष्ट. शुद्धतेची गोष्ट याहून गंभीर आहे. सगळीच विकरं अमिनोअसायलेजइतकी काटेकोर नसतात. समजा एखादं विकर हव्या रूपावर नको असलेल्यापेक्षा शंभरपट वेगाने काम करतं. मिश्रण निम्मं बदलेपर्यंत क्रिया चालू द्यायची आणि थांबायचं. घाण्याच्या टाकीत किंवा स्तंभात हे केलं तर तयार झालेल्या दर शंभर रेणूंत सुमारे 97 हवे असतात आणि 3 नको असलेले. सतत वाहत्या, ढवळत्या टाकीत तेच विकर, तेवढीच क्रिया, आणि हिशेब 91 ला 9 असा येतो. कारण तांदूळ निवडताना पहिले खडे झटकन हाती लागतात आणि शेवटी खडे संपत आले की बोटं चांगल्या दाण्यांवरच पडू लागतात. ढवळत्या टाकीतलं विकर कायम त्या शेवटच्या अवस्थेतच बसलेलं असतं, त्याला पहिली सोपी निवड कधी मिळतच नाही. औषधात नको असलेल्या रूपाचे नऊ टक्के म्हणजे माल नापास. भांड्याचा आकार इथे थेट औषधाच्या शुद्धतेत उतरतो.

1970 च्या दशकात ही दृष्टी झपाट्याने पसरली. 1971 मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातल्या हेनिकर इथे विकर-अभियांत्रिकीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तानाबेने स्वतः 1973 मध्ये पुढचं पाऊल टाकलं. विकर वेगळं काढायचे कष्टही वाचवून ई. कोलाय जिवाणूच्या अख्ख्या पेशी जेलीत कोंडल्या आणि फ्युमेरिक आम्ल व अमोनियापासून थेट एल-अॅस्पार्टिक आम्ल बनवायला घेतलं. तिथे डावं-उजवं वेगळं करायची गरजच उरली नाही, कारण तयार होतं ते फक्त एल-रूप.

मग जर्मनीने याच विकरासाठी अगदी उलटं भांडं निवडलं, आणि तेही यशस्वी करून दाखवलं.

युलिशच्या संशोधन केंद्रात क्रिस्तियान वान्ड्रे आणि ब्राउनश्वाइगच्या जैवतंत्रज्ञान संस्थेत मारिया-रेगिना कुला यांनी देगुसा या रसायन कंपनीसोबत पडद्याचा रिॲक्टर विकसित केला. देगुसा तेव्हा मेथिओनिनच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक होती. कोंबड्यांच्या खाद्यात डीएल-मेथिओनिन चालतं, कारण त्यांचं शरीर डी-रूपाचं एल-रूप करून घेतं. पण शिरेतून द्यायच्या द्रावणाला शुद्ध एल-मेथिओनिनच लागतं. वान्ड्रे आणि कुला यांनी विकर कशालाही बांधलं नाही. ते द्रावणात मोकळंच ठेवलं आणि द्रावण पोकळ तंतूंच्या गाळणीतून वेगाने फिरवलं. त्या गाळणीची छिद्रं इतकी बारीक की 149 रेणुभाराचं मेथिओनिन आरपार जातं आणि हजारोंनी मोजावा असा रेणुभार असलेलं विकर आतच राहतं. 1981 मध्ये देगुसाने हे उत्पादनात आणलं.

गतिशास्त्राच्या नजरेने हा रिॲक्टर ढवळती टाकीच आहे. आतलं द्रावण आवक-जावकीच्या कितीतरी पट वेगाने फिरत असतं, त्यामुळे सगळीकडे एकच अवस्था. मग वर सांगितलेले दोन्ही तोटे असताना हे का निवडलं? शुद्धतेचा तोटा इथे लागूच होत नाही, कारण अमिनोअसायलेज डी-रूपाला जवळपास शिवत नाही. शंभरपट नव्हे, त्याहून कितीतरी काटेकोर. उरतो वेगाचा तोटा. त्याच्या बदल्यात जर्मनांना काय मिळालं ते पाहा. मण्यांचा खर्च नाही. विकर मण्याच्या पोटात दडलेलं नसल्यामुळे कच्च्या मालाला आत झिरपत जाण्यात वेळ जात नाही. विकर थकलं तर कारखाना न थांबवता थोडं ताजं विकर आत सोडायचं, की उत्पादन एका पातळीवर चालू राहतं. आत जाणारं सगळं द्रावण गाळून निर्जंतुक करता येतं, जे शिरेतून द्यायच्या मालासाठी फार महत्त्वाचं आहे. चिबातांची निवड बरोबर होती, वान्ड्रे आणि कुला यांचीही बरोबर होती. कुला यांना पुढे 2002 मध्ये मार्टिना पोल यांच्यासोबत जर्मन राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते दिलं जाणारं भविष्य-पारितोषिक मिळालं, तेही विकरांच्या औद्योगिक वापरासाठीच.

इथे थोडं आपल्याकडे यायला हवं. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा कारखाना 1954 सालचा, तानाबेने टाकीत अमिनोअसायलेज ओतायला सुरुवात केली त्याच वर्षीचा. पेनिसिलिनची बाजूची साखळी तोडून अँपिसिलिनसारख्या औषधांचा गाभा मोकळा करणारं विकर म्हणजे पेनिसिलिन असायलेज. त्यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत दीर्घकाळ संशोधन झालं. हे विकर डावी-उजवी रूपं वेगळी करायलाही वापरता येतं. नावावरून अमिनोअसायलेजचं भावंड वाटतं, मग त्यालाही स्तंभात का बसवू नये? कारण आम्ल. अमिनोअसायलेज असेटिल गट तोडतं तेव्हा पीएच 7 ला सुटणारा असेटेट आणि सुटणारं अमिनो आम्ल मिळून विद्युतभाराचा हिशेब जुळतो, पीएच फारसा हलत नाही. पेनिसिलिन तुटतं तेव्हा मात्र दर रेणूमागे एक हायड्रोजन आयन मोकळा होतो. स्तंभात द्रावण खाली सरकत जाईल तसा त्याचा पीएच उतरत जाणार आणि तळाचं विकर निकामी होणार. स्तंभाच्या मध्येच अल्कली कुठून घालणार? म्हणून या विकराला बहुधा ढवळती टाकीच देतात. विकर मण्यांवर बांधलेलं असतं, तळाशी जाळी असते, अल्कली थेंबाथेंबाने पडत राहते, घाणा झाला की द्रावण जाळीतून काढून घ्यायचं आणि मणी पुढच्या घाण्याला टाकीतच राहतात. विकर दोन्हीकडे घन आधारावर बसलेलं असूनही, आम्ल सुटतं की नाही एवढ्या एका गोष्टीवर भांडं उलटं झालं.

तानाबेला 1980 च्या दशकात याहून अवघड प्रश्न भेटला. डिल्टियाझेम हे रक्तदाब आणि हृदयविकारावरचं औषध त्यांनीच शोधलेलं आणि 1974 पासून जपानमध्ये विकलं जाणारं. त्याच्या रेणूत दोन कायरल केंद्रं आहेत, म्हणजे चार रूपं संभवतात, आणि कामाचं त्यातलं एकच. जुन्या रासायनिक पद्धतीत डावं-उजवं वेगळं करणं बऱ्याच पायऱ्यांनंतर यायचं, तोवर नको असलेला अर्धा माल प्रत्येक पायरीत सोबत वाहावा लागायचा. हे विभाजन सुरुवातीच्याच एका मध्यस्थ पदार्थावर, एका ग्लिसिडिक एस्टरवर, करायचं असं ठरलं. त्यासाठी तानाबेच्या संशोधकांनी सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूचं लायपेज शोधून काढलं. ते नको असलेलं रूप तोडतं आणि हवं ते शिल्लक ठेवतं.

अडचण अशी की हा एस्टर पाण्यात नीट विरघळत नाही, शिवाय पाण्यात ठेवला तर विकराविनाही हळूहळू फुटत जातो. तो टोल्युइनमध्ये विरघळतो, विकराला मात्र पाणी लागतं. दोन्ही एका टाकीत ढवळावं तर प्रथिनामुळे ताकासारखा घट्ट फेसाळ द्राव तयार होतो, जो नंतर वेगळा व्हायचं नाव घेत नाही. त्यात आणखी भर म्हणजे तुटलेल्या भागापासून आपोआप एक अल्डिहाइड तयार होतं, आणि ते लायपेजलाच निकामी करतं. स्तंभाने यातलं काहीच सुटत नव्हतं.

मॅसॅच्युसेट्समधल्या सेप्राकोर या कंपनीच्या पोकळ तंतूंच्या पडद्याने वाट काढली. देगुसाचा पडदा विकर अडवायचा. इथे विकर पडद्याच्या भिंतीतच, तिच्या स्पंजासारख्या थरात, बसवलं होतं. तंतूच्या एका बाजूने टोल्युइन वाहतं, दुसऱ्या बाजूने पाणी, आणि दोन्ही एकमेकांत न मिसळता त्या भिंतीत भेटतात. एस्टर टोल्युइनमधून भिंतीत येतो, नको असलेलं रूप तिथे तुटतं, तुटलेला भाग पाण्यात निघून जातो, हवं रूप टोल्युइनमध्येच राहतं. पाण्यात सोडियम बायसल्फाइट घातलेलं असतं. ते अल्डिहाइड तयार होताच त्याला बांधून पाण्यात ओढून घेतं, त्यामुळे विकर वाचतं. टोल्युइन एका टाकीतून तंतूंमधून पुन्हा पुन्हा फिरवलं जातं, त्यामुळे त्यातलं मिश्रण घाण्यासारखं हळूहळू बदलत जातं, आणि शुद्धतेच्या हिशेबात ढवळत्या टाकीचा तो 91 ला 9 चा तोटा सोसावा लागत नाही. इथे तर हवं ते उरलेलं रूप असतं, म्हणजे क्रिया निम्म्याच्या थोडी पुढे नेऊन नको असलेल्याचा शेवटचा अंशही काढता येतो. मग टोल्युइन थंड करून स्फटिक काढायचे.

1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तानाबेने हे उत्पादनात आणलं. डीईएई-सेफाडेक्स निवडताना चिबातांनी पाहिलेली सोयही यात सांभाळलेली होती. भिंतीतलं लायपेज थकलं की ते धुऊन काढायचं, ताज्या विकराचं द्रावण दाबाने त्याच तंतूंत भरायचं आणि दोन्ही बाजूंचे पंप पुन्हा सुरू करायचे.